मंगळवार तुझा, बुधवार माझा

नतालीन,

तुला माती देऊन आठवडा उलटून गेला आणि कालपर्यंत मी रडले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण तू पहिल्यांदा तेच विचारलं असतंस आणि वर म्हणाली असतीस, "एवढी वर्षं डोकं खाल्लं तुझं, दोन थेंब नाहीत?" नव्हते. दुःख होत होतं आणि रडू येत नव्हतं, असंही नव्हतं. काहीच होत नव्हतं. भूक लागायची, जेवायचे. पेपर वाचून घडी घालायचे आणि काय वाचलं ते आठवायचं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं.

चर्चमध्ये मी तिसऱ्या रांगेत बसले. कधी उठायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे, हे मला अजूनही समजत नाही. तुझ्या घरच्या लग्नांना, बाप्तिस्म्यांना तू शेजारी असायचीस आणि वेळ आली की कोपराने ढोसायचीस. या वेळी कोपर नव्हतं, म्हणून पुढच्या बाईंकडे बघून मी उठबस केली. एकदा त्या नुसत्या पदर सावरायला उठल्या, तर मीही उभी राहिले. सगळं चर्च बसलेलं आणि आम्ही दोघी उभ्या. तू असतीस तर रुमालात तोंड लपवून हसली असतीस.

फादर तुझ्याबद्दल छान बोलले. तुझा कॉलेजमधला काळ, तुझी शिस्त, निवृत्तीनंतर घरातच सुरू केलेली अभ्यासाची खोली, मुलांना वाहिलेलं आयुष्य. सगळं खरं होतं, पण त्यातली बाई माझ्या ओळखीची वाटेना. ती फार शांत होती. कोणाशी वाद न घालणारी. मग आम्ही मागे दफनभूमीत गेलो, मी माझी मूठ टाकली. एप्रिलची कोरडी माती, हाताला लागली तशी साडीला पुसली. तुझ्या वाडीतला मोगरा कोणीतरी टोपलीभर आणला होता. तू शनिवारी सकाळी त्याच्याच कळ्या काढत होतीस आणि अर्ध्या वाफ्यात बसलीस ती बसलीसच, असं तुझा भाऊ मनवेलदादा प्रत्येकाला सांगत होता. मी ते पाच-सहा वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट यायची, की या बाईचं मला काहीतरी सांगायचं राहिलं आहे.

ते काय, त्याच्याकडे येते. आधी भांडणाचं सांगू दे, कारण फादरांनी ते वगळलं.

आठवतं का, कॉलेजात तुला लागून वर्षही झालं नसेल, स्टाफरूममध्ये एक गृहस्थ आले होते. मुलगा बारावीत कसाबसा सुटलेला, आता एफवायला. दारातच उभे राहून त्यांनी विचारलं, "पोराने रोज किती तास अभ्यास करायला हवा?" तू म्हणालीस, "जेवढा वेळ बसता येईल तेवढा." आणि त्याच दमात मी म्हणाले, "दोन तास, पण लक्ष देऊन." बिचाऱ्यांनी एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि नमस्कार करून गेले. तोवर आपण एकमेकींशी धड बोललोही नव्हतो. तू केमिस्ट्रीची, मी इकॉनॉमिक्सची, तू नंदाखालची आणि मी कराडकडून येऊन विरारच्या फ्लॅटमध्ये राहणारी. ते गृहस्थ गेल्यावर तू डबा उघडलास, माझ्याकडे सरकवलास आणि म्हणालीस, "दोन तासांत पाणीसुद्धा उकळून आटत नाही नीट."

तिथून जे सुरू झालं ते शुक्रवारपर्यंत चाललं.

मी तुला माझ्या विषयातला नियम सांगायचे. पहिली जिलबी गोड लागते, पाचवी नकोशी होते, तसं पाचव्या तासाचं असतं. तू म्हणायचीस, तुझा नियम जिलबीला लाव, पोरांना नको. तुझ्या मते रिॲक्शनला वेळ द्यावा लागतो. वरून काही होताना दिसत नाही म्हणून बर्नर बंद करून घरी गेलं, तर घडायचं ते कधी घडणार? मी म्हणायचे, मुलं काय द्रावण आहेत का. तू म्हणायचीस, बघ एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे. निकाल लागला की आपण दोघी यादीसमोर उभ्या राहून आपापली मुलं शोधायचो. माझं मूल पास झालं की मी म्हणायचे, दोन तास. तुझं झालं की तू म्हणायचीस, सहा तास. नापास झालेल्यांचं मात्र दोघींपैकी कोणीच काही म्हणायचं नाही.

तू एवढी अडून का बसतेस, हे मला फार उशिरा कळलं. तुझ्या घरच्या ओट्यावर बसलो होतो, तू मोगऱ्याच्या कळ्या ओवत होतीस आणि सहज सांगितल्यासारखं सांगितलंस. तुझी आय तुला हातात पुस्तक घेऊन बसलेलं दिसलं की "ऊठ" म्हणायची. रागाने नाही. वाडीतली कामंच तशी. पहाटे कळ्या, मग भाजी, संध्याकाळी शिंपणं, मग चूल. बसलेली मुलगी म्हणजे काम शिल्लक असलेली मुलगी. मग तुला चर्च सापडलं. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर दार बंद होईपर्यंत मागच्या बाकावर दिवा असायचा, आणि देवळात बसलेल्या पोरीला "ऊठ" कोण म्हणणार? तू रोज बसायचीस. मान खाली, मांडीवर पुस्तक, वरून ओढणी.

आणि गावाने काय समजावं? की नतालीनला देवाचं बोलावणं आलं आहे. आधी म्हाताऱ्या बायकांनी ओळखलं, मग तुझ्या आयला चर्चबाहेर कोणीतरी हात धरून सांगितलं, मग फादरांनी. एका रविवारी कॉन्व्हेंटमधून दोन सिस्टर घरी आल्या. आयने केळी ठेवली, सरबत केलं, डोळे पुसत दारात उभी राहिली. थोरल्या सिस्टरने तुझा हात हातात घेऊन विचारलं, "बाळ, तुला पहिल्यांदा कधी जाणवलं?" आणि तू, खोटं बोलता येत नाही म्हणून, म्हणालीस, "ऑरगॅनिकच्या पेपरच्या आधी."

मी हसून हसून ओट्यावरून पडायच्या बेताला आले होते. तूही हसलीस, पण शेवटचं सांगताना सुई थांबवलीस. सिस्टर गेल्यावर आयने सरबताचे पेले उचलले. दुसऱ्या दिवशी तिने पडवीला लागून असलेल्या खोलीतले केळीचे घड एका बाजूला सारले, एक खुर्ची आणून ठेवली आणि दार लावून निघून गेली. पुन्हा तुला तिने कधी "ऊठ" म्हटलं नाही. "बसायला मिळणं काय असतं ते तुला नाही कळायचं, वसू," तू म्हणालीस. "तुला बसवलं, मला उठवलं. एवढंच आहे ते."

ते बरोबर होतं. आमच्या अण्णांनी आम्हा भावंडांना जेवण झालं की जमिनीवर पुस्तक घेऊन बसवलं ते झोपेपर्यंत. मी तिथे जे शिकले ते म्हणजे डोळे पानावर ठेवून भलतीकडेच फिरून येणं. आजही कोणी मान खाली घालून बसलेलं दिसलं की मला पहिला प्रश्न हाच पडतो, की हे आत्ता कुठे गेलंय. म्हणून मला बसण्याचं कौतुक नाही. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. तू म्हणालीस, "फिरून तर आलीस. गाडीभाडं न देता." तुझ्याशी वाद घालायचा म्हणजे हेच.

निवृत्त झालो आणि तू तीच केळीची खोली मुलांना उघडून दिलीस. आजूबाजूला नव्या बिल्डिंगी झालेल्या, एका खोलीत पाच-पाच माणसं, टीव्ही, पाहुणे. कॉलेजच्या मुलांना बसायला जागा नाही. मी मदतीला आले आणि पहिल्याच आठवड्यात वाजलं आपलं. मी म्हणाले, आठला बंद. तू म्हणालीस, बसणाऱ्याला उठवायचं नाही. मनवेलदादा आत-बाहेर करत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "वार वाटून घ्या नं. आमचं बावखल होतं तसं."

मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. वाडीच्या टोकाला तुमचं बावखल, म्हणजे ते लहानसं तळं, ते दोन घरांत होतं. शिंपण्यासाठी वार ठरलेले. एका घराचे तीन, दुसऱ्याचे तीन, रविवारी पाण्याला कोणी हात लावायचा नाही. भांडण नको म्हणून कोणा आजोबांनी घालून दिलेलं. तर तसे आपले झाले. मंगळवार, गुरुवार, शनिवार तुझे. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. माझ्या वारी आठ वाजता घंटा वाजायची. ती घंटासुद्धा तूच दिलीस, तुमच्या रहाटाच्या बैलाच्या गळ्यातली. बैल फिरत असेपर्यंत ती वाजायची आणि ती थांबली की घरात कळायचं की काम थांबलंय. "आणि तू ती वाजवून काम थांबवतेस," असं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस.

मुलं हुशार. ज्यांना बसायचं असायचं ती तुझ्या वारी यायची, ज्यांना आठनंतर ओट्यावर गप्पा मारायच्या असायच्या ती माझ्या वारी. काही जण सगळ्या वारी यायचे. त्यामुळे निकाल लागला की कोण कोणाच्या वाराने पास झालं हे ठरवता यायचं नाही आणि आपलं भांडण जिथल्या तिथे राहायचं. मला वाटतं, आपल्या दोघींनाही ते तसंच राहायला हवं होतं.

आता त्या शुक्रवारचं.

माझा वार होता. श्वेता आली होती, एसवाय बीएस्सीची, आगाशी रोडच्या चाळीत राहणारी. मागच्या सेमिस्टरचा एक विषय राहिलेला, त्याची केटी तोंडावर. मी घंटा वाजवली तेव्हा ती म्हणाली, "मॅम, आज थोडं बसू का? फक्त आज." मी नाही म्हणाले. ती दप्तर भरून गेली. तू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतीस.

"तिला कुठे पाठवलंस?" तू विचारलंस.

"झोपायला."

"तिच्या घरी झोपायला तरी जागा आहे का, विचारलंस?"

"तिचे डोळे बघ, नतालीन. तासभर एकच पान उघडं होतं."

"उघडं होतं नं? मग झालं."

मी म्हणाले, तुझ्या हट्टापायी मुलं मरतील एक दिवस खुर्चीत. तू म्हणालीस, तुझ्या घंटेपायी नापास होतील त्याचं काय. मी स्कूटर काढली. तू दार लावलंस, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. घरी येऊन किल्ली खिळ्याला लावते तोच तुझा फोन.

"विचार केला मी," तू म्हणालीस. "तुझं थोडं बरोबर आहे."

मी खाली बसले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी तुझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. "थोडं म्हणजे किती?"

"ते समोर आलीस की सांगते. फोनवर सांगितलं तर रेकॉर्ड करून ठेवशील."

आणि हसलीस. मीही हसले. आपण मग उद्या कोणती भाजी, असलं काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. सकाळी मनवेलदादाचा आला.

तर नतालीन, हे आठवडाभर माझ्या डोक्यात होतं. लोक सांत्वनाला आले, मी चहा केला, आणि मनात चाललंय, थोडं म्हणजे कोणतं? आठ वाजता बंद करणं? की थकलेल्याला घरी पाठवणं? की फक्त श्वेताच्या डोळ्यांचं? मैत्रीण गेली त्याचं दुःख करायचं सोडून ही बाई मार्क मोजत बसली आहे, असं मला स्वतःलाच वाटायचं. पण दुःख येतच नव्हतं. हा एकच प्रश्न काय तो येत होता, मग मी त्याच्याच सोबतीने राहिले.

खोली आठवडाभर बंद होती. श्वेताचा मेसेज आला, "मॅम सॉरी विचारतेय, खोली कधी उघडणार? पेपर आहेत." मी फोन उलटा ठेवला. रविवारी चर्चमधला मिस्सा झाल्यावर मनवेलदादाने मला ओट्यावर बसवलं आणि किल्ली पुढे केली. तो बराच खंगलाय. दाढी वाढलीय.

"बाई, चालवायची का बंद करायची, ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "माझी काय ना नाय. आता सगळे वार तुमचेच."

सगळे वार माझे. म्हणजे मी म्हणेन तेव्हा घंटा, रोज. इतक्या वर्षांचं भांडण संपलं आणि ते असं संपलं. मला किल्ली हातात घेववेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "दादा, पूर्वी त्या दोन घरांपैकी एकात कोणी गेलं, तर त्यांच्या वाराचं पाणी दुसरे घ्यायचे का?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, काहीतरी अभद्र विचारलं मी. "त्यांचं पानी आपन कसं घेनार?" तो म्हणाला. "आपन जायचं नि त्यांची वाडी शिपायची. त्यांच्या वारी. निदान महिनाभर तरी. घरात मानूस गेलं म्हनून केळी काय थांबते का?"

मी किल्ली घेतली.

सोमवारी खोली उघडली. झाडू मारला, टेबलं पुसली. मुलं आली, हळू आवाजात बोलत, तुझ्या खुर्चीकडे न बघता. आठला घंटा वाजवली, सगळी उठली. माझाच वार होता, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण घरी जाताना कळलं की उद्या मंगळवार आहे.

तुझी वाडी तुझ्या वारी शिंपायची, हे मला पटलं होतं. पण तुझ्या पद्धतीने की माझ्या, हे मनवेलदादाने सांगितलं नव्हतं. मला अजूनही मनापासून वाटतं, आठनंतर मुलांनी पुस्तक मिटावं. तू गेलीस म्हणून माझं मत बदललं, असं मी करणार नाही. तूही ते मला माफ केलं नसतंस. आणि उलट, तू खाली मातीत आणि मी तुझ्या खोलीत, तुझ्या वारी, तुझ्याच बैलाची घंटा वाजवते, हेही मला जमेल असं वाटेना. काल दिवसभर मी दोन्ही करून बघितलं मनात. दोन्ही वेळा काही वाटलं नाही. गालातलं इंजेक्शन अजून उतरलं नव्हतं.

संध्याकाळी गेले. खोली भरलेली. पेपर आठवड्यावर आलेत त्यामुळे उभं राहायला जागा नाही. चर्चची घंटा झाली, तुझ्या घरात प्रार्थना सुरू झाली, मनवेलदादाचा एकट्याचाच आवाज येत होता. मी दाराशी बसले होते. श्वेता समोरच होती. तिच्यासमोर पुन्हा एकच पान बराच वेळ उघडं. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, हे बघ, नतालीन, हेच सांगत होते मी.

आठला पाच कमी असताना मी उठले. ठरलं माझं. मुलांच्या डोळ्यांकडे बघून ठरलं, तुझ्याकडे बघून नाही. घंटा खिळ्यावरून काढली, आतली जीभ बोटात धरली, वाजू नये म्हणून, आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले.

आठ वाजले आणि मी घंटा हलवायच्या आधीच सगळे उठले.

खुर्च्या सरकल्या. पुस्तकं उघडीच राहिली. प्रत्येकाने आपला मोबाईल टेबलावर उलटा ठेवला आणि दाराकडे निघाला. मला वाटलं, माझ्या हातातली घंटा बघून समजले.

"मॅम, येतो दहा मिनिटांत," श्वेता म्हणाली.

"कुठे चाललात?"

"बावखलापर्यंत. मंगळवार आहे ना." मला काही समजलेलं नाही हे बघून ती थांबली. "टीचरने लावलंय. महिना झाला असेल. त्यांच्या वारी आठ वाजले की सगळ्यांनी उठायचं, मोबाईल इथेच, बावखलाला फेरी मारून यायचं. थंडगार पाण्याने तोंड धुवायचं. मग ज्याला घरी जायचं तो घरी, ज्याला बसायचं तो परत बसणार."

"मला कोणीच सांगितलं नाही."

श्वेताने पायाने चप्पल ओढली. ती हसू की नको अशा चेहऱ्याने उभी होती. "टीचर बोलल्या होत्या, वसुधा मॅमना कळू द्यायचं नाही. त्या लगेच म्हणतील, मी जिंकले."

आणि गेली. सगळीच गेली. केळीतून त्यांचे आवाज लांब जाताना ऐकू येत होते, कोणीतरी हसलं, कोणीतरी कोणाला गप्प केलं. महिनाभर, नतालीन. शुक्रवारी माझ्याशी तावातावाने भांडलीस, दार आपटलंस, तेव्हाही तुझ्या वारी मुलं आठला उठतच होती. लबाड कुठली. तुझं ते "थोडं" म्हणजे इथून बावखलापर्यंत आणि परत. एवढंच तू मला द्यायला तयार होतीस, आणि तेही समोर बसवून, चहा देऊन, माझं तोंड बघत द्यायचं होतं तुला.

खोलीत मी एकटी. रिकाम्या खुर्च्या, उघडी पुस्तकं, पंख्याने उलटणारी पानं. तुझी खुर्ची भिंतीशी, आयने आणून ठेवलेली, तीच. मी तिच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मोठ्याने म्हणून पाहिलं, "मी जिंकले."

कोणी काही बोललं नाही.

तेव्हा मला रडू आलं. घंटा हातात, जीभ अजून बोटात धरलेली, आणि मी अशी रडले की मनवेलदादाची आतली प्रार्थना थांबली. तो दारापर्यंत आला, मला बघितलं, परत गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मला तुझी आठवण येत होती असं नाही म्हणता येणार. तू उलटून बोलली नाहीस, एवढंच कळत होतं. तू आता कधीच उलटून बोलणार नाहीस. मी काहीही म्हणाले तरी ते तसंच राहणार, बरोबर असलं तरी आणि चूक असलं तरी.

मुलं परत आली. ओली तोंडं, दारात चपलांचा ढीग. तिघं-चौघं दप्तर उचलून घरी गेली. बाकीच्यांनी मला बघितलं असणार, कारण सगळे पाय न वाजवता आत आले. श्वेताने जाता जाता टेबल फॅन माझ्याकडे वळवला, आपल्या जागेवर गेली आणि पान उलटलं. मी घंटा खिळ्याला अडकवली. तुझ्या खुर्चीवर बसायचं धैर्य झालं नाही, म्हणून तिच्या शेजारची ओढली. मग ज्यांना बसायचं होतं ते बसले, आणि त्यांच्याबरोबर मीही बसले.